तिवराच्या पानावरचं मीठ

समुद्र इथून किती लांब, असं कोणी विचारलं की लहानूबाबा म्हणायचे, "कायचा लांब? आमच्या प्रेरणाच्या टाकीत आहे."

हुडको कॉलनीतल्या त्या घरामागे, पत्र्याच्या सावलीत, आडव्या कापलेल्या दोन काळ्या टाक्या होत्या. त्यांत किंचित खारं पाणी, पाण्यात ठेवलेल्या कुंड्यांमध्ये तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं, आणि त्या रोपांच्या बोटाएवढ्या मुळांमधून पळणारी रोहू माशाची बोटुकली. लहानूबाबांची एकुलती एक लेक प्रेरणा पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या धुराखाली वाढली, शिकायला किनाऱ्यावर गेली आणि खाडीकाठच्या झाडांच्या नादी लागली. तिकडे उधाणाचं पाणी बांध फोडून तळ्यांत शिरतं, तळी खारावतात आणि गोड्या पाण्यातला मासा पटापटा मरतो. तिवराच्या सोबतीनं, थोड्या खाऱ्यात रोहू जगवता येईल का, हा तिचा प्रश्न. मोनाच्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली ती हा प्रश्न टाकीत घालूनच. पिल्लांना तिनं मिठाची सवय लावली ती लहान लेकराला वरणभाताची लावावी तशी. आज चिमूट, चार दिवसांनी आणखी चिमूट. पुष्कळ मेली. उरली ती शिकलेली. पावसाळा लागला की ती किनाऱ्यावरच्या खाऱ्या तळ्यात सोडायची होती. तिथं जगली, तर तिचं इतक्या वर्षांचं काम पुरं व्हायचं.

"मी बी येतो," बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "मासे गाडीत कोन सांभाळन? तुले तर पोट्टीच सांभाळनं होत नाई."

"मासे नाई, यायले समुद्र पाहाचा आहे," आई, म्हणजे शेवंता, आतून म्हणायची. "सर्विसमधी असतानी कंदी दुर्गच्या पुढं नेलं नाई कोनाले."

मग नवतपा लागला, मे-अखेरचे ते सगळ्यांत तापते नऊ दिवस. झळा अशा की दोरीवरून काढलेला लंगोट घरात येईपर्यंत दुसरा वाळायचा. त्यात मोनाला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत लेकराचे डोळे खोल गेले, टाळू बसली. प्रफुल, प्रेरणाचा नवरा, रेल्वेत. तो तेव्हा गाडी घेऊन डोंगरगडच्या पलीकडे. प्रेरणानं लेक उचलली, आईला सोबत घेतलं आणि ऑटोत बसता बसता ती एवढंच बोलली, "बाबा, टाकीतलं पाणी कमी होऊ देऊ नका!"

एवढंच. कोणतं पाणी घालायचं, ते राहून गेलं.

दवाखान्यात मोनाच्या इवल्याशा हाताला सलाईन लागलं. प्रेरणाला त्या दिवसांत दिसत होती ती फक्त नळीतली थेंब-थेंब धार. बाबांचा फोन यायचा. "पोट्टी कशी आहे?" "बरी आहे, बाबा." "इकडची चिंता करू नको." फोन बंद.

मोना हसायला लागली, दूध ओढायला लागली, तेव्हा त्या घरी आल्या. बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी नात घेतली, तिचा मुका घेतला आणि प्रेरणाकडे न बघताच म्हणाले, "मागं जाऊन पाह्य बेटा एकडाव."

ती गेली. पहिल्या टाकीत काहीच हलत नव्हतं. दुसरीत दोन-तीन मासे कडेला टेकून कल्ले उघडत होते, बाकी सगळ्यांची पोटं वर.

"तीन दिवसांपासून चालू आहे हे," बाबा मागून म्हणाले. "तुले सांगितलं नाई. पोट्टी दवाखान्यात, तिथं तुले मासे का सांगू? पानी मात्र एक बोट कमी होऊ देल्लं नाई मी. सकाळ-संध्याकाळ भरलं. झाडं तं पाह्य, कशी चमकून राहिली!"

झाडं खरंच चमकत होती. तिवराचं पान नको असलेलं मीठ अंगावाटे बाहेर टाकतं, हे प्रेरणानं कितीदा शिकवलं होतं. पण इतकं मीठ तिनं या पानांवर कधी पाहिलं नव्हतं. हिरवा रंगच दिसेना. तिनं एक पान जिभेला लावलं आणि ती वळली.

"बाबा, वरून कोणतं पाणी टाकलं?"

"खारंच ना! त्या निळ्या ड्रममधलं, तू पानी बदलाले कालवून ठेवते ते. ते सरलं तं मी स्वतः कालवलं, तुह्याच मापानं." बाबांचा आवाज जरा चढला. "मले का समजत नाई? अख्खी जिंदगी भट्टीवर काढली. उनात पानी गेलं की मीठबी जाते. वरून सादं पानी पेलं का मानूस धाडकन पडते. मी सोता उचलले असे मानसं. आमाले तं मीठ टाकूनच पानी देत होते. अन् मोनालेबी डॉक्टरनं तेच चढवलं ना?"

माणसाच्या अंगातून घाम जातो तो मीठ घेऊन जातो. टाकीतून जातं ते नुसतं पाणी; मीठ सगळं खालीच राहतं. त्यावर रोज आणखी खारं पाणी, सकाळ-संध्याकाळ, न चुकता, इतक्या मायेनं. प्रेरणाच्या ओठांपर्यंत सगळं आलं. समोर बाबा, त्यांच्या कडेवर मोना, तिच्या पायाचं बोट बाबांच्या मुठीत.

"उन्हानं झालं, बाबा," ती म्हणाली. "पाणी तापलं. तुम्ही काय करणार?"

उरलेले मासे तिनं ताबडतोब कमी खाऱ्या पाण्यात हलवले. सकाळपर्यंत तेही गेले. बाबांनी सगळे कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले आणि वर फरशीचा तुकडा ठेवला, मांजरीनं उकरू नये म्हणून.

तिचे मार्गदर्शक अरुणकुमार सर फोनवर एरवी मोठ्यानं बोलायचे. त्या दिवशी हळू बोलले, तेव्हाच तिला कळलं. कामाची मुदत या वर्षी संपत होती, आता ते बंद होणार होतं. नवी पिल्लं घेऊन, त्यांना पुन्हा चिमटी-चिमटीनं शिकवायला वेळ उरला नव्हता. "मुलगी बरी आहे ना? मग झालं," सर म्हणाले. तीही "हो सर" म्हणाली. फोन ठेवून मोनाचे लंगोट धुवायला बसली आणि नळ मोठा सोडून रडली.

"मंग आपलं जानं?" बाबांनी जेवताना विचारलं.

"जाऊ ना, बाबा. पुढं कधी."

नवतपा सरला तरी उकाडा सरेना. एका दुपारी कूलर नुसताच घरघरायला लागला. बाबांनी त्याच्या बाजू काढून अंगणात आणल्या. आतलं गवत पांढऱ्या खरपुडीनं दगडासारखं झालेलं. ते काठीनं झोडपायला लागले.

"पांढरं पांढरं अंगनभर करून ठेवलं," शेवंताबाई करवादल्या. "नळाचं गोडं पानी टाकतो आपन, अन् हे खारं येते कुठून?"

"कुठून म्हंजे? पान्यातूनच," बाबा झोडपता झोडपता म्हणाले. "हवेनं पानी उडून जाते, अन् खार मांगं..."

काठी थांबली.

दारात मोनाला पाजत बसलेल्या प्रेरणानं ते पाहिलं. बाबांनी हातातली पांढरी पूड बघितली. मग मान वळवून टाक्यांकडे बघितलं. उठले, चालत गेले, बोट पाण्यात बुडवून जिभेवर ठेवलं. मग पाठमोरेच विचारलं:

"प्रेरणा, समुद्र एवढा खारा असते का वो?"

"याच्यापेक्षा लय खारा असते, बाबा."

"तरी तिथं मासे जगते."

"ते तिथलेच असते, बाबा."

त्यांनी मान हलवली. 'तुले मालूम होतं?' असं त्यांनी विचारलं नाही. मोनानं दूध सोडून आजोबांकडे बघितलं, पुन्हा तोंड लावलं.

बाबांनी नळाखालची बादली आणली. मग्गा भरून गोडं पाणी टाकीत ओतायला लागले, धार हळू, कडेकडेनं, खाली झोपलेल्या कोणाला जाग येऊ नये तसं. टाकीत मासा एकही नव्हता.

"एवढं पुरे का?"

प्रेरणाला दिसेनासं झालं होतं. तिनं मोनाच्या टाळूवर गाल टेकला.

"अजून थोडं, बाबा," ती म्हणाली. "अजून थोडं टाका."