शर्टाला पुसायचं नाही

बोट धक्क्याला लागली ती जरा जोरातच. कडेला बांधलेले जुने टायर चेपले गेले, बाकावरची एक पिशवी कलंडली आणि तिच्यातले कांदे प्रवाशांच्या पायांतून गडगडत गेले.

"कप्तान, धक्का होता तिथेच आहे, हं!" उडी मारून दोर खुंटाला गुंडाळता गुंडाळता दोरवाला ओरडला. "कालपासून कुणी हलवला नाहीये!"

प्रवासी हसले. कांदे गोळा करणाऱ्या बाईही हसल्या. सुकाणूपाशी उभे असलेले कप्तानही हसले, पण त्यांची नजर चेपलेल्या टायरांवर होती. कागदोपत्री ते फेरीबोटीचे चालक. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेण्यात आणि परत आणण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि 'कप्तान' ही पदवी त्यांना प्रवाशांनीच बहाल केली होती. धक्क्याला बोट अलगद टेकवावी ती त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. अलीकडे मात्र संध्याकाळच्या फेरीला उन्हं समोर आली की पलीकडचा काठ पांढऱ्या धुक्यात विरघळून जाई. धक्का दिसे तो अगदी जवळ आल्यावर, अंदाजाने.

डोळे गेले, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला इजा होण्याआधी आपणच बोटीची किल्ली कार्यालयात नेऊन द्यायची, हेही ठरलं होतं. फक्त हे लेकीला सांगायचं बाकी होतं. ते त्यांनी रविवारी जेवताना सांगितलं.

"डोळे कुणी तपासले?" लेकीने विचारलं.

"तपासायचं काय त्यात? मोतीबिंदू आहे. मला ठाऊक आहे."

"तुम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं, बाबा. उद्या अर्धी रजा टाकते. आपण जाऊन येऊ. मग द्या हवी तर किल्ली, मी स्वतः सोडायला येईन."

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला तपासणीची अरुंद खोली होती. तिथल्या बाईंनी कप्तानांना उंच खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. कप्तानांनी मोठी अक्षरं वाचली, मग मधली, मग बारीक. दुसरा डोळा झाकून पुन्हा सगळी वाचली.

"तळाला छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?"

"नको, पुरे." बाईंनी दिवा लावून बराच वेळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मोतीबिंदू नाही. दूरची नजर तर माझ्याहून चांगली आहे."

ही बातमी ऐकून कप्तान खुलतील असं लेकीला वाटलं होतं. ते उलट दुखावल्यासारखे झाले.

"नीट बघा, बाई. खोटं कशाला सांगेन? मला धुकं दिसतं."

"कुठे कुठे दिसतं?"

"बोटीवर. सूर्य समोर असला की."

"आणि घरी? रस्त्यात?"

"तिथे नाही दिसत."

"बोटीवर डोळ्यांना काही लावता?"

"गॉगल. पाण्यावरची तिरीप सोसवत नाही. धक्का सुटला की जो चढतो तो बोट बांधेपर्यंत."

"आणलाय? बघू."

कप्तानांनी खिशातून गॉगल काढला. परक्या बाईंच्या हातात तसाच कसा द्यायचा, म्हणून शर्टाचं टोक ओढून त्यांनी दोन्ही काचा चांगल्या खसाखसा पुसल्या आणि अदबीने पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

"आत्ता काय केलंत?"

"पुसला."

"रोज असाच पुसता?"

"रोज म्हणजे, दिवसातून कितीदा तरी. पाण्याचे शिंतोडे उडतात ना."

बाईंनी गॉगल दिव्यासमोर धरला आणि लेकीला जवळ बोलावलं. काचांवर ओरखड्यांचं दाट जाळं उमटलं होतं. दिव्याचा उजेड त्यात अडकून सगळीकडे फाकत होता.

"हे तुमचं धुकं," बाई म्हणाल्या. "पाणी उडून जातं, मीठ काचेवर राहतं. ते तुम्ही कोरडंच रगडता. भांडी घासायची पावडर चोळल्यासारखंच की हे! आधी नळाखाली धरायचा, मीठ वाहून जाऊ द्यायचं. साबणाचा एक थेंब बोटाने फिरवायचा, पुन्हा धुवायचा आणि मऊ कापडाने टिपायचा. शर्टाला पुसायचं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून कप्तान चमकले. लेकीकडे वळून म्हणाले, "अगं, तुझी आई हेच म्हणायची! पण ती म्हणायची ते शर्टासाठी."

रोज सकाळी दाराशी डब्याची पिशवी हातात देताना ती बजावायची, "अहो, शर्टाला पुसायचं नाही, हं!" पिशवीत गोड्या पाण्याची एक छोटी बाटलीही असायची, गॉगलवर ओतायला. शर्टाला खारट डाग पडतात आणि ते धुवायला हिला त्रास होतो, अशी कप्तानांनी समजूत करून घेतली होती. धुणाऱ्याचा हुकूम मानला पाहिजे, म्हणून त्यांनी तो इमानेइतबारे पाळला. दोन वर्षांपूर्वी ती गेली. शर्ट आपले आपणच धुवायचे झाले. मग कुणाच्या बापाचं काय जातं, म्हणून शर्टाचं टोक आपसूक हातात येऊ लागलं.

लेक हसू लागली ती थांबेचना. "शर्टाचं कसलं घेऊन बसलात, बाबा! तुमचे शर्ट ती कसेही पिळून टाकायची. रोज संध्याकाळी ती तुमचा गॉगल धुवायची. भांड्यांच्या आधी. नंतर हाताला तेल लागतं म्हणून."

"रोज?"

"रोज. तुम्ही खुर्चीत बातम्या ऐकत असायचा. सिंकजवळच्या खिळ्याला पांढरं कापड आहे ना, ते त्याचंच."

"ते?" कप्तानांचा आवाज खाली आला. "त्याने मी शेगडी पुसतो."

आता बाईही हसू दाबू शकल्या नाहीत. कप्तानही हसले. मग गॉगल परत घेऊन तो उलटसुलट करत म्हणाले, "मला वाटायचं, माल चांगल्या कंपनीचा आहे, म्हणून इतकी वर्षं टिकला."

नवा गॉगल घेऊन ते निघाले. जुना टाकून द्या, असं बाईंनी सुचवलं; कप्तानांनी तो खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या फेरीला सूर्य समोर होता. पलीकडच्या धक्क्याच्या पायऱ्या, पायऱ्यांवरचं शेवाळ, खुंटाची गंजलेली कडी, सगळं लख्ख दिसत होतं. टायर नुसते कुरकुरले.

"कप्तान, लागली का बोट?" दोरवाल्याने विचारलं. "उडी मारू, की बुडेन?"

"मार खुशाल."

परतीला एक लाट कडेवर फुटली आणि काचांवर शिंतोडे उडाले. कप्तानांचा हात शर्टाच्या टोकाशी गेला, थांबला आणि सकाळी आठवणीने पिशवीत ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या बाटलीकडे वळला.

"काय हो, शर्टाला पुसत नाही आज?" दोरवाला म्हणाला.

"शर्टाला पुसायचं नाही."

"का? नवाय वाटतं शर्ट?"

कप्तानांनी काचांवर पाण्याची धार धरली. "हो ना," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारख्या बातम्या लावल्या आणि ते सिंकपाशी गेले. खिळ्यावर त्यांनी सकाळीच नवं पांढरं कापड अडकवलं होतं. नळ बारीक सोडून त्यांनी आधी नवा गॉगल धुतला, बोटाने साबण फिरवला, टिपून ठेवला. मग खिशातून जुना काढला. त्यातून आता कुणालाच काही दिसणार नव्हतं. तोही त्यांनी तसाच, तेवढ्याच सावकाश धुतला आणि नव्याशेजारी ठेवला.

बाहेरच्या खोलीत रिकाम्या खुर्चीसमोर बातम्या चालू होत्या. कप्तानांनी बाह्या वर सारल्या आणि ते भांड्यांकडे वळले.