पाटीवरचं टिंब

मी सांगतो त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवणार नाही. पण आमच्या गल्लीतला पेंटर असा पट्टीचा, की दुकानाच्या पाटीवर त्यानं दुधाचा पेला रंगवला, तर महिनाभर मांजरं ती पाटी चाटत होती.

या पेंटरला पहिलं मूल व्हायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी लावायला त्यानं पाटी आधीच तयार ठेवली. 'आमच्या घरी' एवढं रंगवून पुढची जागा मोकळी. 'मुलगा झाला' नाहीतर 'मुलगी झाली'. दवाखान्यात तो पाटी काखेत आणि ब्रश हातात घेऊनच उभा होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाळ छान रडतंय. पण मुलगा की मुलगी, ते आज सांगणार नाही. नुसतं बघून ठरवण्यासारखं नाही. तपासण्या होऊ देत."

"सांगणार नाही म्हणजे?" पेंटरची आई कडाडली. मग लेकाच्या कानाशी लागली, "सुनेनं नको ते खाल्लं असणार. चल, दोघांना गुपचूप मावशीकडे नेऊ. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

पेंटरनं बायकोच्या कपड्यांची पिशवी उचलली.

डॉक्टरीणबाई दारातच आडव्या आल्या. "आजी, आत्ता नेलंत तर बाळाच्या जिवावर बेतेल. मूत्रपिंडांवर दोन चिमुकल्या ग्रंथी असतात. त्यांचं काम बिघडलं असावं, अशी दाट शंका आहे. तसं झालं की पुरुषी संप्रेरक जास्त तयार होतं, आणि पोटात असतानाच मुलीचीही बाहेरची घडण मुलासारखी होऊ शकते. शिवाय अंगातलं मीठ एकदम घटतं. औषध आजच सुरू करायला हवं. आणि हे खाण्यानं होत नाही. असं बिघडलेलं एक जनुक आईकडून येतं, एक बाबांकडून. दोघं ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो."

"म्हणजे माझ्या लेकाकडूनही?"

"हो. आणि त्याला ते तुमच्याकडूनही आलं असेल."

आजीबाई अशा गप्प झाल्या, की भिंतीवरचं घड्याळ दचकून बंद पडलं.

पेंटर रडकुंडीला आला. "पण मी पाटीवर लिहू काय?"

आतून खाटेवरून बायकोचा आवाज आला. "अहो, इतके महिने काय म्हणत होता? बाळ लाथ मारतंय, बाळ झोपलंय. तेव्हा अडलं का कुठं? लिहा, 'बाळ झालं'. झालं!"

पेंटरनं पिशवी खाली ठेवली. आजीबाईंनी स्वतः रंगाचा डबा पुढे धरला. "'झालं'वरचं टिंब ठळक दे रे. कोणी काही विचारलंच, तर माझ्याकडे पाठव."

औषध लगेच सुरू झालं. तपासण्यांतून कळलं, बाळ मुलगी आहे. नुसत्या दिसण्यासाठी शस्त्रक्रियेची घाई कोणी केली नाही. मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल, असं आजीबाईच सगळ्यांना बजावू लागल्या.

तेव्हा मंडळी, घाई असते ती आपल्या पाट्यांना. बाळाला हवं असतं औषध, दूध आणि कुणाची तरी मांडी. अशा घरी जाल तेव्हा आईला बोल लावू नका, कुजबुजू नका. बाळ बघा आणि गोड म्हणा.

आणि ते टिंब? ते एवढं थोरलं निघालं, की वरून जाणारी विमानं त्याला वळसा घालून...

"काहीतरीच काय, काका," समोर बसलेली पोरगी हसत म्हणाली. "पाटी आमच्या स्वयंपाकघरात टांगलीय. टिंब वाटाण्याएवढं आहे. मी रोज त्याच्याखालीच उभी राहून गोळी घेते."