बुरुजावरून उडी मारणारी बाई

समुद्रकाठची गावं आणि जुने किल्ले म्हटलं की मला आता शिसारी येते. लोक म्हणतात, गावोगाव फिरून लिहायचं काम नशिबाने मिळतं. या लोकांना एकदा या बुरुजावर आणून उभं करायला हवं. शेकडो वर्षांच्या दगडावर खिळ्याने कोरलेली नावं, कोपऱ्याकोपऱ्यात मुताचा वास, पायाखाली उष्टे कागदी कप. आणि खलाशाच्या बायकोने म्हणे जिथून उडी मारली, तिथे दात काढून फोटो काढणाऱ्यांची रांग.

ती बाई कधी नव्हतीच. बारा वर्षांपूर्वी माझ्या प्रवासाच्या पुस्तकात या गावाचं पान अर्धं रिकामं राहत होतं, म्हणून मी ती थाप ठोकून दिली. पुढे गाइडांनी तिला मीठमसाला लावला.

आता नगरपालिका त्या बाईचं स्मारक बांधणार होती, आणि त्यासाठी पायथ्याचं मावशींचं घर पाडायचं होतं. मावशी म्हणजे तेव्हाची माझी घरमालकीण. या खेपेलाही मी त्यांच्याकडेच उतरलो होतो. तीन पिढ्या त्या घराने बुरुजाची देखभाल केलेली.

"सांगून सांगून तोंड दुखलं माझं," त्या म्हणाल्या. "असं काही झालंच नाही इथे. तुम्ही पुस्तकं लिहिता, तुमचं ऐकतील. उद्या येता का सोबत?"

मी हो म्हणालो. खरं काय ते सांगायला मात्र जीभ उचलेना. बुरुजावरच्या घाणीपेक्षा जास्त किळस मला स्वतःची आली.

दुसऱ्या दिवशी पालिकेतल्या साहेबांनी फाइल उघडली. पुरावा म्हणून सगळ्यात वर माझंच पान, गोल शिक्क्यासकट.

"हे मी लिहिलंय," मी म्हणालो. "आणि ही शुद्ध थाप आहे."

साहेब हसले. "या बाईंनी चांगलं पढवलंय तुम्हाला. छापलेलं खोटं, आणि आता तोंडाने सांगताय ते खरं?"

"लिहून देतो."

"द्या की, लावू फाइलला. घर सोमवारी पाडणार."

साहेबांना माझं काही पटलं नाही. मावशींना मात्र पटलं. त्या सावकाश माझ्याकडे वळल्या.

"माझ्या घरात राहून लिहिलंत हे?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग एकदा विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरातच होते."