दुपारचा प्रयोग

रविवारी दुपारचा प्रयोग असला की माझा पाय घरातून निघता निघत नसे, आणि तो निघावा म्हणून कुणी माझ्या हातातलं काम घेतलं असंही कधी झालं नाही. बारा वर्षं मी रंगमंचावर दुसऱ्यांच्या आया होत आले, सासूबाई मात्र दर वेळी माझ्या लेकीचा हात धरून दारापर्यंत येऊन विचारायच्या, "आणि हिची आई कोण होणार?"

त्यामुळे एका रविवारी, कानामागचा रंगही नीट न पुसता मी धावतपळत घरी आले आणि त्या हसून म्हणाल्या, "आज दिवसभर घरात होतीस, किती बरं वाटलं," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टोमणे पुरे झाले, आई."

"टोमणा कसला? पोरीची वेणीसुद्धा घातलीस की!"

लेकीची वेणी खरंच घातलेली होती; टोकाला दोन गाठी, मी मारते तशाच. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "तूच घातलीस," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी मी चपला काढते न काढते तोच लेक गळ्यात पडली. "आई, दुपारची गोष्ट पुरी कर ना." तिनं अर्धी गोष्ट ऐकवली. ती मला येत नव्हती.

खरं तर भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. कोण ही बाई? ज्या घरात मी बारा वर्षं धापा टाकत शिरले, तिथं ही बिनबोभाट नांदते, आणि कुणाला फरकही कळत नाही!

तिसऱ्या रविवारी मी दिग्दर्शकाला ताप आल्याचं कळवलं आणि जेवणं उरकताच दाराकडे तोंड करून बसले. कुणीही आलं नाही. पाच वाजता दिग्दर्शकाचा फोन आला.

"ताप असूनही आलात! आणि शेवटच्या अंकात काय रडलात हो! असं काम तुम्ही आजवर केलं नव्हतं."

"मी आलेच नाही!" मी ओरडले.

"बरं बरं," ते हसले. "आता विश्रांती घ्या."

घर तिनं घेतलं, ते एक वेळ मी सोसलं असतं. पण ते रडणं माझं होतं, झिजून झिजून कमावलेलं. मी तशीच उठले, चपला पायात सरकवल्या आणि कडी काढली.

सासूबाई खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. शेंगेवरची नजर न उचलता त्या मायेनं म्हणाल्या, "जा तू सावकाश. ती येईलच इतक्यात घरी."