बार्सोतेलींचं शंभरावं पीक

माझ्या नवऱ्याचं नाक गेलंय हे मला करपलेल्या कांद्यामुळे कळलं. ऑक्टोबर महिना होता. कढईत कांदा टाकून मी बहिणीशी फोनवर गप्पा मारत बसले आणि त्याचा पार कोळसा झाला. खिडक्या उघडून धूर घालवला, पण वास काही हटेना. तेवढ्यात आर्मिदो आत आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काय छान शिजवते आहेस गं?"

आधी वाटलं, टोमणा मारतोय. संसारभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत त्यानं, सवय आहे मला. म्हटलं, "तुझं डोकं शिजवतेय." तो हसला आणि ताट कधी मिळणार म्हणून बघत बसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. उन्हाळ्यात साथीचा ताप आला होता त्याला. ताप गेला, तो जाताना नाक घेऊन गेला, आणि या बाबानं कुणाला सांगितलं म्हणून नाही.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर चार दिवस हळहळून सोडून दिलं असतं. पण हे बार्सोतेलींचं नाक! आर्मिदोचे आजोबा, नोन्नो बात्तिस्ता, इटलीतल्या लुक्काच्या डोंगरातून इथं कॅलिफोर्नियात, सोनोमात आले आणि नेमकी दारूबंदी आली तेव्हाच या उतारावर वेली लावल्या. लोक त्यांना वेड्यात काढायचे. ते द्राक्षं आगगाडीत भरून पूर्वेकडे पाठवायचे, तिकडची आपली माणसं घरातल्या घरात वाईन करायची, तेवढी मुभा होती. माझ्या सासऱ्यांनी तळघर खोदलं, आर्मिदोनं बाटलीवर नाव आणलं. तिघांची मिळकत काय, तर हा उतार आणि हे नाक. नोव्हेंबरात सान मार्तिनोच्या सणादिवशी नवीन पिंप उघडायचं, घरातल्या थोरल्यानं पहिला घोट घ्यायचा, तो म्हणेल ते खरं. त्याच्या शब्दापुढे बोलायची रीतच नाही आमच्यात.

त्याच वर्षी ऑगस्टात मागचं जंगल पेटलं होतं. कितीतरी दिवस आभाळ तांबूस, अंगणात राख. शेजारच्यांनी द्राक्षं वेलीवरच सोडून दिली. धूर सालीत मुरतो, द्राक्ष खाताना कळतही नाही, वाईन झाली की वर येतो. आमचा रेमो म्हणाला, "पापा, यंदा नको." आर्मिदोनं एक मणी चावला, साल थुंकली. "स्वच्छ आहे. तोडा. नोन्नोच्या वेलींचं शंभरावं पीक मी सडू देऊ?" आम्ही तोडलं. त्याच्या नाकावर कुणी शंका घ्यायची?

सान मार्तिनोच्या आदल्या दिवशी मी भाजायच्या चेस्टनटना चिरा देत बसले होते. रेमो येऊन समोर उभा राहिला. चाळिशीचा बाप्या, पण चेहरा अगदी शाळेतून मार खाऊन आल्यासारखा.

"मम्मा, वाईन गेली. सगळी पिंपं. राख लागते नुसती."

"मग त्याला सांग."

"त्यांनी काल चाखली. म्हणाले, आयुष्यातली सगळ्यांत चांगली. लेबलं छापून आलीत, नोन्नोचा फोटो घालून. पुढच्या आठवड्यात बाटल्या भरायच्यात."

"मग भरू देणार आहेस? लोक तोंडात घेऊन थुंकतील. पुन्हा कुणी घेईल आपली बाटली?"

"माझ्यानं नाही होणार. तू सांग."

"मी? वाईन करणारा तू, आणि सांगायचं मी होय!"

मी त्याला कांद्याचं सांगितलं. तो तळव्यांनी डोळे दाबून रडला. मला त्याचा रागही आला आणि दयाही आली. आर्मिदोला एकटं गाठून सांगावं म्हणून मी त्या संध्याकाळी दोनदा तळघराच्या दारापर्यंत गेले. आतून तो गुणगुणताना ऐकू आला आणि माझा धीरच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीची माणसं जमली. शेजारी, तोडणीवाले, माझी बहीण. आर्मिदोनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. पिंपातून पेला भरला, फिरवला, डोळे मिटून वास घेतला. "काळी मिरी," तो म्हणाला. "रानातल्या काळ्या बेरी. आणि शेवटी ती नोन्नोची माती." मग घोट घेऊन त्यानं मान डोलावली. सगळं पाठ होतं त्याला!

मग सगळ्यांनी पेले उचलून घोट घेतला. कुणी खोकलं, कुणी पटकन पाव तोंडात घातला. रेमोनं आपला पेला एका दमात रिकामा केला. "छान आहे, पापा."

आर्मिदो खुशीत माझ्याकडे वळला. "आणि तू गं, नीवेस? तू कसली बोलणार म्हणा, तू तर वाईनमध्ये पाणी घालून पितेस."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. वाटलं, आपणही हसावं आणि विषय संपवावा. पण पुढच्या आठवड्यात बाटल्या भरणार होत्या.

"राख आहे, आर्मिदो," मी म्हटलं. "विझलेल्या चुलीत तोंड घातल्यासारखी लागते."

"काहीतरीच काय बडबडतेस!"

"त्या दिवशी कांद्याचा कोळसा झाला होता. तू विचारलंस, काय छान शिजतंय."

त्यानं पुन्हा पेला नाकाशी नेला. जोरात श्वास घेतला, मग आणखी जोरात. आता त्याचे डोळे उघडे होते. मग तो रेमोकडे वळला. "तुला कळलं होतं?"

रेमोनं मान खाली घातली.

"मग छान कशाला म्हणालास?"

"तुम्ही आधी म्हणालात ना, पापा."

आर्मिदोनं पेला टेबलावर ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बशीतला चेस्टनट घेतला, सोलला, माझ्या ताटात ठेवला आणि उठून आत गेला. पाहुणे एकेक करून कोट घालून निघाले. त्या रात्री आणि पुढेही बरेच दिवस तो माझ्याशी मीठ-पाण्यापुरतंच बोलला. मी खरं तेच बोलले होते, तरी वाटायचं, भर चौकात त्याचे कपडे उतरवले मी.

डिसेंबरात टँकर आला. सगळी वाईन भट्टीत उकळून स्पिरिट करायला जाणार होती. तळघरातून पाइप अंगणात आणला होता, पंप घुरघुरत होता. रेमो आत पिंपं रिकामी करत होता. मी शाल घेऊन उभी होते. आर्मिदो येऊन शेजारी उभा राहिला.

पाइपच्या सांध्यातून थेंब गळत होते. त्यानं ओंजळ धरली, थोडी वाईन जमवली आणि माझ्या तोंडाशी आणली.

"नीवेस, एकदा नीट सांग. नुसती राखच आहे की द्राक्षंही आहेत?"

मी त्याच्या हातातून प्यायले. जीभ पोळल्यासारखी ती राख आधी आली. मी थांबले. मग तिच्या खालून, अगदी खालून, द्राक्षंही आली. मिरी, काळ्या बेरी, ओली माती. त्यानं टेबलावर सांगितलेलं सगळं होतं तिथं. नुसती राखच आहे असं खोटं सांगावं, म्हणजे त्याला हळहळ कमी वाटेल, असं मनात आलं, पण त्याच्याशी पुन्हा कुणी खोटं बोलायचं नव्हतं.

"आहेत," मी म्हटलं. "सगळी आहेत. खाली दडलीत."

त्यानं ओले हात पँटला पुसले.

"मग मला वास येत नाही तेच बरं," तो म्हणाला. "नाहीतर जाऊच दिली नसती."