फोनवर वाढलेलं झाड

पायल आमची एकुलती एक पोर. हिमाचलातल्या एका डोंगरी गावी दवाखान्यात नर्स आहे, जावई यशदीप तिथेच रस्त्याच्या कामावर. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा पोट पडलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पलंगावरून उतरायचं नाही. अशा वेळी आई जवळ हवी. पण आमच्या अंजनाबाईच्या हृदयाची झडप खराब, तिला डोंगर चढायची मनाई. आणि तिला एकटं टाकून मी जाणार कसा? पोटची पोर तिकडे पडून, आणि आम्ही दोघं इकडे रायपुरात उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ झाडत बसलेलो.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन वर्ष झालं होतं. त्या नोव्हेंबरात पायलने ओळखीच्या माणसाबरोबर एक खोका पाठवला. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेलं मुळ्याएवढं जाड मूळ आणि चिठ्ठी. हे हार्डी ग्लॉक्सिनिया, इकडे घरोघरी अंगणात असतं. थंडीत जमिनीत झोपतं, मार्चात कोंब येतो, मग गुलाबी फुलं, पिपाणीसारखी. वाळू घालून सावलीत लावा, पाणी बेताने द्या. मूळ ठिसूळ आहे, लावल्यावर हात लावू नका.

बर्फातलं झाड रायपुरात लावायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण पलंगाला खिळलेल्या पोरीला नाही कोण म्हणणार? लिंबाच्या सावलीत खड्डा केला, वाळू आणली, लावलं.

आमच्या घरात नवस नाही, गंडा नाही, ताईत नाही. माझ्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सुटलं, आणि मीही रेल्वेत असताना लोकांना त्यावर तावातावाने ऐकवत आलो. अंजनाबाईही नवस बोलली नाही. ती फक्त रोज सकाळी मातीकडे बघून विचारायची, "उगवलं का हो?" ती कशाशी काय जोडून बसली होती ते मला कळायचं आणि राग यायचा. खरं सांगायचं तर, तिच्या आधी उठून मी बघून आलेलो असायचो.

मार्च सरत आला. ऊन भाजायला लागलं, माती गप्पच. एका सकाळी माझा धीर सुटला. चमच्याने हळूच उकरू लागलो. दोन बोटं खाली पांढरा कोंब होता, वर यायच्या वाटेवर. चमचा लागला आणि तो तुटून माझ्या हातात आला. खालचं मूळही दुभंगलं. मागे अंजनाबाई उभी होती. तिने मला झापायला हवं होतं, मी तेवढ्याच लायकीचा होतो. ती खाली बसली, माती परत लोटली, थापली आणि आत गेली.

रविवारी पायलचा फोन आला. अंजनाबाई म्हणाली, "आला वो बाई कोंब! दोन पानं हायेत."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. फोन ठेवून ती म्हणाली, "मंग काय सांगू तिले? तुमी तोडला म्हणून?"

पुढच्या रविवारी चार पानं झाली, मग आठ. माझ्या बायकोला जन्मात थाप मारता आली नव्हती, पण झाड मात्र तिने असं वाढवलं की मीच एकदा आळ्याकडे बघून आलो. पायल हसायची, सांगायची, "माय, लय लाथा मारून राहिलं." चौथ्या रविवारी कळी आली.

त्याच आठवड्यात बुधवारी अंजनाबाई विहारात गेलेली असताना यशदीपचा फोन आला.

"बाबा, आई हाये का जवळ?"

"नाही. काहून?"

तो म्हणाला, "बाळ गेलं, बाबा. तीन हप्ते झाले."

तीन हप्ते. म्हणजे चार पानं झाली त्या रविवारी, लाथा मारतंय म्हणून ती हसत होती तेव्हा, पोटात काहीच नव्हतं.

"पायल बरी हाये," तो म्हणाला. "पन आईले आत्ता सांगू देत नाही. म्हणते, आईचं हार्टचं हाये. फूल उमलू द्या, ती खुश राहील, तवा सांगू."

फूल नाही हे तरी कोणत्या तोंडाने सांगणार? बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मग खुर्चीत बसून रडलो.

अंजनाबाई आली तोवर तोंड धुतलं होतं.

"कोनाचा फोन होता?"

"यशदीपचा. फूल उमललं का म्हणे."

तिचा चेहरा खुलला. "मंग या इतवारी उमलूनच टाकू! पोट्टीले बरं वाटंल."

"नको," मी म्हणालो. "कळीच सांग."

"काहून? मागच्या इतवारी बी कळीच होती."

"उन्हानं उशीर होऊन राहिला म्हण."

"अन् असं किती इतवार कळीवर ठेवता?"

"जमतील तितके," मी म्हणालो.