काचेवरचा पट्टा

सत्याऐंशी सालच्या थंडीत सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरची कार्डं मरत होती, आणि तीही एकाच टेबलावरची. ते टेबल चंद्रभागेचं. दिवाळीनंतर लग्न झालेली पोर, कामाला चलाख. पण तिनं कार्डावर बसवलेली आयसी, म्हणजे ती काळी चिप, तपासणीला गेली की मुकी. कोरड्या हवेत नायलॉनची साडी घासून अंगावर वीज साठते, आणि नुसतं बोट लागलं तरी आयसी जाते. म्हणून प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर थेट जमिनीत. चंद्रभागा तो न चुकता बांधायची, तरी हे असं.

आमचे इंजिनीअर शफीसाहेब भले गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचाही पारा चढला. “हे शेवटचं कार्ड माझ्यासमोर बसव. हेही गेलं तर तुझी नोकरी संपली.”

पोरीचं तोंड उतरलं. नोकरी गेली की सासू, यशोदाबाई, तिला पुन्हा कामासाठी उंबरा ओलांडू देणार नव्हती. सासूला निमित्तच हवं होतं. मला भयंकर राग आला. “तिचं काय चुकलं ते तरी सांगा!”

“मग सुलाबाई, तुमचं एकही कार्ड कसं जात नाही?”

मी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या. बाकीच्या बायका दोन-चार बांगड्या वर सरकवून पट्टा बांधायच्या. हिचा निम्मा हात हिरव्या चुड्यानं भरलेला आणि पट्टा त्या काचेवर! काचेतून कुठली वीज उतरते? माझा पट्टा मात्र कातडीला चिकटलेला. नवरा गेल्यापासून माझे हात मोकळे, म्हणून माझी कार्डं जगत होती.

चुड्याच्या वर बांधायला पट्टा पुरेना. साबण लावला, पण कासारानं घट्ट भरलेली एकही बांगडी उतरेना. माल न्यायला टेम्पो दारात उभा. चंद्रभागेनं डोळे मिटले आणि हात भिंतीवर आपटला.

“अगं बाई!” सगळ्या ओरडल्या.

मी काचा वेचल्या, रक्त पुसलं, पट्टा आवळला. तिनं आयसी जागेवर दाबली. तपासणीचा दिवा लागेपर्यंत कुणी हललं नाही. लागला!

ती मात्र हमसून रडायला लागली. “बाई, आता घरी काय सांगू?”

मी तिच्यासोबत गेले. यशोदाबाई दारातच. “चुडा कुठंय?”

“मी फोडला,” मी म्हणाले.

विधवेनं नव्या नवरीचा चुडा फोडला! यशोदाबाईंनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. एरवी मी अरेला कारे करणारी. त्या दिवशी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. शेवटी त्या दमल्या आणि सुनेकडे वळल्या.

“कारखान्यात या अवदसेशेजारी बसायचं नाही, सांगून ठेवते!”

म्हणजे तिला कामाला पाठवणार होत्या. मी चपला घातल्या आणि निघाले.